छप्पर कशाचें घालावें ?

घर बांधावयास काढलें म्हणजे कुटुंबांत जी चर्चा होते ती बहुधा दर्शनी भागाची, खोल्यांच्या संख्येची, जिन्याच्या दिशेची आणि देवघराच्या जागेची. फरशीचा रंग कोणता असावा यावर चार दिवस वाद चालतो. परंतु छपराचा प्रश्न गवंडी व कंत्राटदार यांजवर सोपवून घरधनी मोकळा होतो. ‘वर स्लॅब टाका’, किंवा ऐपत कमी असल्यास ‘पत्रे घाला’, एवढ्यांत त्याचा निकाल लागतो. ज्या वस्तूवर घरांतील माणसांचें उन्हाळ्यांतील चार महिन्यांचें सुखदुःख, आणि वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या बाबतींत प्रसंगीं जीवितही, अवलंबून असतें, तिची निवड इतक्या घाईनें व्हावी हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. म्हणून छपराच्या प्रचारांतील प्रकारांचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों. तो शोभेच्या किंवा केवळ खर्चाच्या दृष्टीनें नव्हे, तर त्या छपराखालीं निजणाऱ्या माणसांच्या दृष्टीनें.

उन्हाळ्यांत सूर्य डोक्यावर येतो असें आपण म्हणतों, तें अक्षरशः खरें आहे. पुण्यास मे महिन्याच्या मध्यावर व नागपुरास त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत एक दिवस असा येतो कीं, भर माध्यान्हीं उभ्या काठीची सावली नाहींशी होते. या दिवसांत दक्षिणेकडील भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाहीं. पूर्वेच्या भिंतीला तें सकाळीं व पश्चिमेच्या भिंतीला तिसऱ्या प्रहरीं लागतें. छपराला मात्र तें दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत लागतें. निरभ्र दुपारीं एक चौरस मीटर आडव्या पृष्ठभागावर सुमारें एक हजार वॅट इतकी उष्णता पडते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचें छप्पर सव्वानऊ चौरस मीटर भरतें. म्हणजे एवढ्याशा खोलीच्या माथ्यावर हजार हजार वॅटच्या नऊ विजेच्या शेगड्या एकाच वेळीं पेटलेल्या आहेत असें समजावें. त्यांपैकीं किती शेगड्यांची धग आंत येऊं द्यावयाची, हाच छपराच्या निवडीचा खरा प्रश्न होय.

छपराचीं तीन कामें

संस्कृतांत ‘छद्’ धातूचा अर्थ झांकणें असा आहे. त्यापासून ‘छत्र’ हा शब्द झाला, आणि घराच्या आच्छादनालाही ‘छदिस्’ असें नांव आहे. हा संबंध नुसत्या व्याकरणाचा नाहीं. त्यांत व्यवहाराचा एक धडा आहे. छत्री आपण डोक्याला टेकवून धरीत नाहीं. ती वीतभर उंच असते व मधून वारा खेळतो, म्हणूनच तिची सावली सुखाची वाटते. तापलेलें कापड डोक्यावर दाबून बसविलें तर सावली तेवढीच पडेल, पण गारवा मिळणार नाहीं. छपराचेंही असेंच आहे. ऊन अडविणारा थर व माणूस यांच्यामध्यें हवेची मोकळी पोकळी असावी, हें उष्ण प्रदेशांतील छपराचें पहिलें सूत्र होय.

उत्तम छपरानें तीन कामें केलीं पाहिजेत. आलेलें ऊन शक्य तितकें परत फेंकावें. जें शोषलें जाईल तें आंत उतरूं देऊं नये. आणि दिवसभरांत जी उष्णता सांठली असेल ती रात्रीं आकाशाकडे लवकर टाकून द्यावी. पहिलें काम मुख्यतः रंगाचें, दुसरें जाडीचें व पोकळीचें, तिसरें पृष्ठभागाच्या गुणधर्माचें. पुष्कळ छपरें यांपैकीं एखाद्या विषयांत पहिल्या वर्गांत येतात आणि दुसऱ्यांत साफ नापास होतात. म्हणून छपराची परीक्षा एकदां दुपारीं बारा वाजतां घ्यावी, आणि पुनः एकदां रात्रीं बारा वाजतां घ्यावी. आमच्या मतें दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची. दुपारीं मनुष्य ओसरीवर, झाडाखालीं, कचेरींत असा कोठेंही असूं शकतो. रात्रीं तो त्या छपराखालींच असतो, आणि दिवसभर तापलेल्या शरीराला विसांवा मिळण्याची वेळही तीच.

पत्रा

पन्हळी लोखंडी पत्र्याचें पेटंट हेन्री पामर यांनीं १८२९ सालीं लंडन येथें घेतलें. थंड देशांतील गोदीच्या इमारतींसाठीं निघालेली ही वस्तु हलकी, वाहून नेण्यास सोपी व दोन दिवसांत चढविण्याजोगी असल्यामुळें आज आपल्याकडे वाडीवस्तीपर्यंत पोंचली आहे. पण पातळ असल्यामुळें पत्रा उष्णतेला अडवीतच नाहीं. भर उन्हाळ्यांत तो साठ अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर तव्यासारखी धग धरतो. कोरा पत्रा चकचकीत असतो, तेव्हां तो ऊन परत फेंकीत असेल असें वाटतें, व कांहीं अंशीं तें खरेंही आहे. परंतु चकचकीत धातूचा दुसरा एक गुण असा कीं, तो आपली उष्णता किरणरूपानें सहज सोडीत नाहीं; म्हणून थोड्या उन्हानेंही तो फार तापतो. दोन-चार पावसाळ्यांनीं गंज चढला म्हणजे ऊन परत फेंकण्याचा गुणही गेला. पत्र्यावर पांढरा रंग दिल्यास तो दुहेरी उपकार करतो : ऊन परतवितो, आणि उरलेली उष्णताही बाहेर टाकतो.

पत्र्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. सूर्य मावळला कीं तासाभरांत तो निवतो. म्हणजे दिवसा रिकाम्या असणाऱ्या व रात्रीं निजावयाच्या जागेस तो त्यांतल्या त्यांत चालेल. प्रत्यक्षांत आपण नेमकें उलट करतों. जेथें भर दुपारीं माणसें असतात त्या जागांवरच, म्हणजे शाळेचे वर्ग, दुकानें व स्वयंपाकघरें यांजवर, पत्रे घालतों. दुपारच्या तासांना पत्र्याखालीं बसलेल्या मुलांचें चित्त व्याकरणांत कां लागत नाहीं, याचें कारण शिक्षकाच्या पेशांत आम्ही पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. तें मुलांच्या बुद्धींत नसून वर्गाच्या माथ्यावर असतें.

पत्राच घालणें भाग असेल तर त्याखालीं वीतभर अंतरावर बांबूच्या तट्ट्यांचें किंवा फळ्यांचें छत करावें, आणि मधल्या पोकळींतील तापलेली हवा निघून जाण्यास दोन्ही टोकांस झरोके ठेवावे. पावसाळ्यांत वर चढविलेला भोपळ्याचा वेल दिसावयास खेडवळ दिसेल. पण आश्विनांतल्या उन्हांत तो जें काम करतो तें महागड्या यंत्रासही लवकर साधत नाहीं.

सिमेंटच्या पत्र्यांविषयीं एक सूचना येथेंच देणें जरूर आहे. जुन्या सिमेंट-पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतु असतात. त्यांची धूळ फुप्फुसांत गेल्यास कर्करोग होऊं शकतो हें आतां निर्विवाद ठरलें आहे. युरोपीय संघानें २००५ पासून त्यांचा वापर बंद केला, व साठांहून अधिक देशांनीं तसेंच केलें आहे. नव्या घरावर असे पत्रे घालूं नयेत. जुने असतील तर ते कापूं, घांसूं वा फोडूं नयेत, आणि भोंकें पाडण्यास तर घरच्या मुलांना मुळींच वर चढवूं नये.

स्लॅब

सिमेंट काँक्रीटची स्लॅब ही आज प्रतिष्ठेची खूण झाली आहे. ती टिकाऊ आहे, चोरापासून व वाऱ्यापासून निर्भय आहे, आणि तिजवर पुढें मजला चढवितां येतो. दुपारच्या परीक्षेंत ती पत्र्याहून कितीतरी सरस उतरते. पण तिची रात्रीची परीक्षा घेतली म्हणजे निराळाच प्रकार दिसतो.

दहा फुटी खोलीवरील पांच इंच जाडीच्या स्लॅबचें वजन जवळजवळ तीन टन भरतें. तीन टन दगड दिवसभर उन्हांत तापवून संध्याकाळीं आपल्या अंथरुणावर टांगावा, तसा हा प्रकार आहे. वरची धग काँक्रीटमधून खालीं उतरण्यास सुमारें तीन-चार तास लागतात. दुपारीं दोन वाजतां वर पडलेलें कडक ऊन संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास खोलींत प्रगट होतें, आणि मध्यरात्रीपर्यंत छत ऊन लागतें. पंखा लावला तर तो छताजवळची तीच तापलेली हवा खालीं ढकलतो. बाहेर वारा सुटलेला असतां आंत मात्र माणसें कुशी बदलीत पडलेलीं असतात. कालिदासानें ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मानें केला आहे, आणि त्यांतील रसिक जन ग्रीष्मांतल्या रात्रीं हर्म्यतलाचा, म्हणजे गच्चीचा, आश्रय करतात. गच्चीखालीं राहत नाहींत, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. स्लॅबचा वरचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकून निवत जातो, पण तिच्या पोटांतली ऊब दोन्हीकडे वांटली जाते, आणि खालचा वांटा आपणांस मिळतो.

यावर उपाय स्लॅबच्या वरच्या बाजूस करावा, खालच्या बाजूस नव्हे. ऊन काँक्रीटमध्यें शिरण्यापूर्वींच अडविलें पाहिजे. एकदां तें शिरलें कीं खालून शोभेचें छत लावून तें परत जात नाहीं, फक्त थोडें उशिरा व थोडें कमी पोंचतें. विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा गळती थांबविण्यासाठीं आपल्याकडे घालतातच; त्यानें उष्णताही अडते. त्या कोब्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसवून घेतले म्हणजे एकाच खर्चांत दोन्ही कामें साधतात, व पृष्ठभाग वर्षानुवर्षें पांढरा राहतो. काळसर डांबरी थर वा गडद रंगाच्या फरश्या उघड्या गच्चीवर टाळाव्या.

नवें घर बांधणाऱ्यांसाठीं आणखी एक पद्धति विचारार्ह आहे. केरळांत आयुष्य वेंचलेले वास्तुशिल्पज्ञ लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं स्लॅबच्या खालच्या भागांत, जेथें काँक्रीटचा भार सोसण्यास फारसा उपयोग होत नाहीं तेथें, सळयांच्या चौकटींत कौलें ठेवून स्लॅब घालण्याची रीति लोकप्रिय केली. काँक्रीट कमी लागतें, वजन घटतें, कौलांमधील पोकळीमुळें धग कमी उतरते, आणि खालून कौलांची नक्षी दिसते. मात्र हें काम जाणत्या अभियंत्याच्या आंखणीवांचून करूं नये.

कौलें

कौलांचे आपल्याकडे दोन प्रकार. पहिलीं कुंभाराच्या चाकावरचीं नळीचीं कौलें. दुसरीं मंगळुरी, बाझल मिशनच्या लोकांनीं १८६५ सालीं मंगळूर येथें त्यांचा कारखाना काढला, आणि तेथून तीं सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. दोन्ही प्रकार रात्रीच्या परीक्षेंत उत्तम गुण मिळवितात. कौल पातळ असतें, म्हणून उष्णता सांठवून ठेवीत नाहीं. दोन कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. खालीं माळा असला तर छत्रीखालील पोकळीचें सूत्र पूर्णपणें साधतें. आमच्या आजोबांच्या पिढीनें माळ्यावर फणसाच्या सांठा नि भाताचीं कणगीं ठेवलीं, पण तो माळा त्याच वेळीं माजघराचें उन्हापासून रक्षण करीत होता.

कौलांचे दोषही सांगितले पाहिजेत. वासे-रिपांचें लांकूड महाग झालें. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं घर शाकारावें लागतें, आणि त्या कामाचीं माणसें मिळेनाशीं झालीं. शिवाय कोंकणांत माकडांचा उपद्रव इतका वाढला आहे कीं एका सकाळींच शेंदीडशें कौलें फुटावीं. या त्रासास कंटाळून अनेकांनीं कौलें उतरवून पत्रे घातले, आणि पहिल्याच वैशाखांत त्यांना फरक कळला. त्यांना आमचें सांगणें असें : लांकडाऐवजीं लोखंडी सांगाडा करावा, गळतीची भीति असेल तर खालीं पत्रा आणि त्यावर रिपा ठोकून कौलें, अशी दुहेरी रचना करावी. एखादें कौल फुटलें तरी घर गळत नाहीं. आणि पत्रा कौलांच्या सावलींत राहिल्यामुळें तापत नाहीं.

माळवद

घाटावर, विशेषतः सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या कमी पावसाच्या मुलुखांत माळवदाची चाल होती. तुळयांवर लांकडाचे सर, त्यांवर बांबूच्या कामट्या व कडुलिंबाचा पाला, आणि त्यावर फूटभर पांढरी माती. इतक्या जाडींतून उष्णता उतरेपर्यंत रात्र होऊन जाते, आणि रात्रींच्या थंडींत माती पुनः निवते. दुपारच्या परीक्षेंत माळवदासारखें छप्पर दुसरें नाहीं. जुन्या वाड्यांतील माजघराचा गारवा ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना तो विसरतां येत नाहीं.

पण जुनें तें सर्व सोनें असें आम्ही म्हणत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशिव भागांतील हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचा प्रचंड भार, हें त्या संहाराचें एक मोठें कारण होतें. म्हणून माळवदाचा गुण घ्यावा, त्याचें ओझें घेऊं नये. जाड मातीचें काम हल्लीं हलके थर, पोकळ विटा व हवेची पोकळी यांकडून करून घेतां येतें.

ज्या मुलुखांत जें योग्य

यावरून दिसून येईल कीं, सर्वत्र चालेल असें एक छप्पर नाहीं. कोंकणांत पावसाचा मारा भयंकर, हवा दमट, आणि दिवसाच्या व रात्रीच्या तपमानांत अंतर थोडें. तेथें जड छपराला निवावयास अवसर मिळत नाहीं; उतरतें, हलकें, वारा खेळूं देणारें छप्परच तेथें योग्य. मात्र तें सांगाड्याशीं घट्ट जखडलेलें असावें, कारण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें रायगड व रत्नागिरी भागांत किती घरें उघडीं केलीं तें लोक विसरले नाहींत. घाटावर व मराठवाड्यांत रात्री निवतात; तेथें जाड छप्पर चालेल, पण त्यावर पांढरें आवरण हवें. विदर्भांत उन्हाळा असा कीं, मे २०१३ मध्यें नागपुरास पारा ४७.९ अंशांवर गेला. तेथें जाडी, पांढरेपणा व सावली या तिहींचीही गरज आहे. गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळ सेवाग्रामांत राहावयास गेले, तेव्हां तेथील कुट्या माती, बांबू व कौलें या आसपासच्याच सामग्रीनें उभ्या राहिल्या. रुंद ओसऱ्या व खालपर्यंत उतरलेल्या वळचणी यांमुळें भिंतींनाही तेथें सावली मिळते. विदर्भांतील ज्यांना घर बांधावयाचें आहे त्यांनीं त्या एकदां उन्हाळ्यांत पाहून याव्या.

तयार घराचें काय ?

बहुतेक वाचकांचें घर बांधून झालेलें असेल, व छप्पर बदलणें शक्य नसेल. त्यांनीं निराश होऊं नये. सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चुना. गच्ची झाडून-धुवून, कळीचा चुना विरवून गाळून घ्यावा, त्यांत थोडा डिंक किंवा सरस घालावा, आणि आडवा-उभा असे दोन हात द्यावे. चुना विरतांना उकळतो व डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाऊं शकते, म्हणून मुलांना दूर ठेवावें. भिंतींना चुना आपण दिवाळीच्या आधीं देतों. गच्चीला तो पाडव्याच्या आधीं द्यावा. पावसाळ्यांत तो धुपेल. पण तोंवर उन्हाळा निघून गेलेला असेल. ताजा पांढरा थर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग परतवितो, आणि वरच्या मजल्यावरील खोल्यांत दोन ते पांच अंशांचा फरक पडूं शकतो.

दुसरा उपाय मांडवाचा. गच्चीवर पुरुषभर उंचीचा सावलीचा मांडव घातला म्हणजे छपराला छत्री मिळाली. हल्लीं छपरावर सूर्यविजेचीं तावदानें बसविण्यास सरकारी साहाय्य मिळतें. ‘पीएम सूर्यघर’ योजना २०२४ सालीं सुरू झाली. तीं तावदानें उंच चौकटीवर बसविलीं तर वीज देतात आणि खालच्या स्लॅबवर सावलीही धरतात. गच्चीवर पाणी मारण्याचा उपाय गुणकारी असला तरी, ज्या महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते त्याच महिन्यांत तो सांगणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. वातानुकूलन यंत्रही आधीं छप्पर सुधारून मग घ्यावें; नाहींतर तीन टन तापलेल्या काँक्रीटशीं झुंजण्यांतच त्याची वीज खर्च होते.

छपराखालीं कोण आहे ?

हा विषय केवळ सोयीचा असता तर आम्ही इतका विस्तार केला नसता. मे २०१० मध्यें अहमदाबादेस उष्णतेची लाट आली. त्या एका महिन्यांत नेहमींपेक्षां सुमारें १,३४४ मृत्यु अधिक झाल्याचें पुढें अभ्यासकांनीं हिशेबानें दाखविलें. त्यानंतर २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेच्या निवारणाची योजना आंखली, आणि पुढें गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम त्यांत घेतलें. तेलंगण राज्यानें तर २०२३ सालीं शीतल छपरांचें धोरणच जाहीर केलें. उष्णतेनें दगावणारीं माणसें सर्वच भर रस्त्यांत पडत नाहींत. कित्येक घरांतच, रात्रीं निवारा न मिळाल्यामुळें जातात. वृद्धांना घाम कमी येतो, तहान कमी लागते, आणि आपल्याला त्रास होत आहे हें सांगण्याचा संकोच अधिक वाटतो.

आतां वाचकांनीं आपापल्या घरांत हिंडून पाहावें. दिवाणखान्यावर चांगलें छप्पर असतें. मागील दारीं वाढविलेल्या स्वयंपाकघरावर मात्र पत्रा असतो, आणि चैत्र-वैशाखांत भर दुपारीं घरांतील स्त्रिया वर तापलेला पत्रा व समोर पेटलेली शेगडी अशा दुहेरी आंचेंत उभ्या असतात. गच्चीवर चार पत्रे टाकून केलेली खोली शिकणाऱ्या मुलाला वा भाडेकरूला दिलेली असते. वरच्या मजल्यावरील स्लॅबखालची खोली, शांतता म्हणून, आजीकडे आलेली असते. कुटुंबांत कोणी हें जाणून करतो असें नाहीं. पण छपराचा विचार शेवटीं केला म्हणजे वाईट छप्पर आपोआप त्यांच्या वांट्यास जातें, जे त्याविषयीं तक्रार करीत नाहींत.

म्हणून घर बांधतांना आधीं ठरवावें कीं, दुपारीं कोणत्या खोलींत कोण असेल व रात्रीं कोणत्या खोलींत कोण निजेल; आणि त्या हिशेबानें छप्पर निवडावें. पैसा थोडा असेल तर फरशीचा रंग पुढल्या वर्षीं पाहतां येईल. ज्यांचें घर तयार आहे त्यांनीं या उन्हाळ्यांत एका रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या खोलींत जाऊन छताला हात लावून पाहावा. हात पोंचत नसेल तर स्टुलावर चढावें. छत ऊन लागलें तर त्या माणसाचें अंथरूण त्याच रात्रीं खालच्या मजल्यावर आणावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चुना आणावयास जावें.